प्रतिपिंडांची पकड घट्ट असेल तर संसर्ग जुना. सैल असेल तर थांबून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गरोदरपणाच्या ११ व्या आठवड्यात टॉर्च पॅनेल (बाळाला अपाय करू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी) झालं, त्यात टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूविरुद्धची आयजीएम पॉझिटिव्ह आणि आयजीजीही पॉझिटिव्ह आली. ही प्रतिपिंडांची, म्हणजे अँटीबॉडींची, दोन रूपं. डॉक्टरांनी ‘ॲव्हिडिटी’, म्हणजे प्रतिपिंडांची पकड किती घट्ट आहे ते मोजणारी टेस्ट, करायला सांगितली. ती ७१ टक्के आली आणि शेजारी ‘हाय’ असा शेरा. तो शेरा बघून तुमची झोप उडाली. तुम्ही विचारलंय की हाय म्हणजे संसर्ग जोरात आहे का, प्रतिपिंडांची ताकद शरीरात खरंच वाढत जाते का, आणि तसं असेल तर लशीचे डोस महिन्यामहिन्यांच्या अंतराने देतात ते त्यासाठीच का.

आधी झोपेचं बघू. तुमच्या रिपोर्टमधला ‘हाय’ ही चांगली बातमी आहे. ताप हाय, शुगर हाय अशा अर्थाने तो शब्द वाचू नका. तुमच्या रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांची टॉक्सोप्लाझ्मावरची पकड घट्ट आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि अशी घट्ट पकड तयार व्हायला शरीराला महिने लागतात.

मी गेली २२ वर्षं लॅबमध्ये सिरॉलॉजीच्या, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं तपासण्याच्या, टेबलावर काम करते आहे आणि त्यातली बरीच वर्षं ही टेस्ट स्वतःच्या हाताने लावली आहे. त्या अनुभवावरून सांगते, या सगळ्या आकड्यांमागे आम्ही एकच गोष्ट शोधत असतो: संसर्ग कधी झाला? गर्भ राहण्याच्या आधी झाला असेल आणि आईची प्रतिकारशक्ती ठणठणीत असेल, तर तो बाळापर्यंत पोचण्याची शक्यता नगण्य असते. गरोदरपणात पहिल्यांदाच झाला असेल तर मात्र काळजीने पुढचं सगळं करावं लागतं. आयजीएमवरून हे ठरत नाही. टॉक्सोप्लाझ्माची आयजीएम काही जणींच्या रक्तात वर्षभर, कधी त्याहूनही जास्त टिकते, आणि खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाणही कमी नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, १९९७ मध्येच डॉक्टरांना इशारा दिला होता की नुसत्या या आयजीएमच्या जोरावर गरोदर स्त्रीबद्दल निर्णय घेऊ नका. म्हणून पकड मोजायची. पकड म्हणजे एक घड्याळच, पण एकाच बाजूने भरवशाचं. पकड घट्ट असेल तर संसर्ग जुना, हे खात्रीने सांगता येतं. सैल असेल तर संसर्ग नवा असंच म्हणता येत नाही. असं का, ते कळायला पकड शरीरात कशी घडते ते बघावं लागेल, आणि त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

‘अँटीबॉडी दिवसेंदिवस मजबूत होते’ असं म्हणण्याची पद्धत आहे. त्यातून वाटतं की एकच प्रतिपिंड हळूहळू घट्ट होत जातं. तसं होत नाही. एकदा तयार झालेलं प्रतिपिंड जसं असतं तसंच राहतं. आयजीजीचं निम्मं प्रमाण साधारण तीन आठवड्यांत संपतं, आयजीएमचं पाचेक दिवसांत. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात तयार झालेली प्रतिपिंडं काही महिन्यांनी जवळजवळ उरतच नाहीत. त्यांच्या जागी नव्या पेशींनी बनवलेली नवी प्रतिपिंडं आलेली असतात. बदलते ती वस्ती. जोंधळ्याचं बी राखणारा शेतकरी दर हंगामात टपोरी कणसं बाजूला काढतो आणि पुढच्या वर्षी तीच पेरतो. एखादा दाणा काही मोठा होत नाही, पण चार-पाच हंगामांत शेताचं रूप पालटतं. तसंच हे.

सुरुवात साधीच असते. जंतू शिरला की ज्या बी पेशींची (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींची) पकड त्याच्यावर थोडीफार बसते त्या जाग्या होतात. पहिली येते ती आयजीएम. तिचा एकेक हात तसा कमजोर, पण पाच जोड्या मिळून दहा हात. पावसाळ्यानंतर गवतातून चालून आलं की साडीच्या काठाला कुसळं चिकटतात ना? एक कुसळ सहज निघतं, पण दहा एकदम ओढायला गेलं की कापड ताणतं. एका हाताच्या पकडीला ‘ॲफिनिटी’ म्हणतात आणि सगळे हात मिळून होणाऱ्या पकडीला ‘ॲव्हिडिटी’. लॅबमध्ये आम्ही ॲव्हिडिटी मोजतो. आयजीजीला मात्र दोनच हात असतात, त्यामुळे एकेका हाताची गुणवत्ता तिथे जास्त दिसते. म्हणूनच ही टेस्ट आयजीजीवर करायची असते.

खरं काम पुढे लसिकाग्रंथीत चालतं. पायात काटा मोडून पिकलं की जांघेत अवधाण येतं, ते तुम्ही पाहिलं असेल. ती गाठ सुजते कारण आत पेशींची प्रचंड वाढ चाललेली असते. टॉक्सोप्लाझ्मात निरोगी माणसाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. जाणवलंच तर मानेत गाठी येतात. गेल्या वर्षी-दीड वर्षात तशा गाठी आल्या होत्या का, आठवून बघा आणि डॉक्टरांना सांगा.

त्या गाठीच्या आत आठवडाभरात ‘जर्मिनल सेंटर’ नावाची वर्तुळं तयार होतात. त्यांचा एक भाग गडद असतो, एक फिकट. गडद भागात बी पेशी भराभर विभागतात आणि त्या वेळी त्यांच्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका केल्या जातात. ‘मुद्दाम’ हा शब्द मी जपून वापरतेय. एड नावाचं एक विकर (एन्झाइम) हे काम करतं. जपानमध्ये तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने ते १९९९ मध्ये शोधलं. एरवी पेशी विभागताना जेवढ्या चुका होतात त्याच्या साधारण दहा लाख पट चुका या एवढ्याशा भागात होतात. पकड ठरवणारा जनुकाचा भाग सुमारे ७०० अक्षरांचा. तिथे हजार अक्षरांमागे एक या हिशेबाने चूक होते, म्हणजे दर एक-दोन विभाजनांमागे एखादी. यातल्या बऱ्याच चुका निरुपयोगी असतात, काही तर प्रतिपिंड पार बिघडवून टाकतात. थोड्याच चुकांनी पकड सुधारते.

मग निवड होते ती फिकट भागात. तिथल्या काही पेशी जंतूचे तुकडे अंगावर महिनोन्महिने धरून बसलेल्या असतात. बी पेशीने तो तुकडा ओढून घ्यायचा, आत नेऊन बारीक करायचा आणि शेजारच्या मदतनीस टी पेशीला दाखवायचा. पकड जितकी घट्ट तितका माल जास्त ओढला जातो, आणि जितका जास्त दाखवता येतो तितकी टी पेशीची मदत जास्त मिळते. टी पेशी मोजक्याच असतात, त्यामुळे सगळ्यांच्या वाट्याला मदत येत नाही. जिला मिळाली ती पुन्हा गडद भागात जाते, पुन्हा विभागते, पुन्हा बदलते. बाकीच्या तिथेच मरतात. हे चक्र आठवड्यांमागून आठवडे फिरत राहतं. अशा फेऱ्यांनंतर पकड शंभर-हजार पटीनेसुद्धा वाढलेली असू शकते.

यातलं मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की या आतल्या यंत्रणेचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधी परिणाम मोजला गेला होता. १९६४ मध्ये हर्मन आयझेन आणि ग्रेगरी सिस्किंड यांनी सशांना एक साधं रसायन प्रथिनाला जोडून टोचलं आणि वेगवेगळ्या आठवड्यांना रक्त काढून पकड मोजली. सुरुवातीची सैल, नंतरची कितीतरी घट्ट. त्यातही, ज्या सशांना डोस कमी दिला त्यांची पकड जास्त घट्ट झाली. ऐकायला उलटं वाटतं, पण वरची स्पर्धा डोळ्यांसमोर आणा. माल मुबलक असेल तर ढिल्या पकडीच्या पेशीचंही भागतं. माल तुटपुंजा झाला की घट्ट पकडीचीच टिकते. म्हणूनच जंतू ओसरत जातो तसतशी निवड कडक होत जाते.

पण याला एक छत आहे. पुढे १९९५ मध्ये आयझेन यांनीच जेफरसन फूट यांच्याबरोबर त्याचा हिशेब मांडला. बी पेशी पकडलेला तुकडा काही मिनिटांत आत ओढते. तेवढा वेळ पकड टिकली की झालं. त्याहून तासभर जास्त टिकली तरी त्या पेशीला निवडीत वेगळा फायदा मिळत नाही. म्हणून पकड सुरुवातीला चढते आणि मग सपाट होते. तुमच्या रिपोर्टसाठी हे महत्त्वाचं आहे. ७१ टक्क्यांवरून संसर्ग पाच महिन्यांपूर्वीचा की पाच वर्षांपूर्वीचा हे मला सांगता येणार नाही. तो अलीकडच्या काही महिन्यांतला नाही, एवढंच सांगता येतं. तुम्हाला तेवढंच पुरेसं आहे.

हिशेब करून बघा. ११ आठवडे हे शेवटच्या पाळीपासून मोजलेले धरू. गर्भ प्रत्यक्षात राहिला साधारण नऊ आठवड्यांपूर्वी. टॉक्सोप्लाझ्मात पकड घट्ट असेल तर संसर्ग किमान चार महिने, म्हणजे सोळाएक आठवडे जुना धरतात. म्हणजे गर्भ राहण्याच्या सात आठवडे तरी आधीचा. काही किट तीनच महिन्यांची खात्री देतात. तो आकडा धरला तरी संसर्ग गर्भधारणेच्या आधीच जातो.

मात्र हेच ७१ टक्के २४ व्या आठवड्यात आले असते तर मी असं लिहिलं नसतं. २४ मधून १६ वजा केले की आठवा आठवडा येतो. संसर्ग त्याच्या आधीचा, एवढंच कळलं असतं. पहिल्या काही आठवड्यांत तो झाला नाही, हे त्यावरून सिद्ध झालं नसतं. म्हणून ही टेस्ट करायचीच तर पहिल्या तिमाहीत. उशिरा पाठवलेल्या नमुन्यांवर मला कित्येकदा हात टेकावे लागले आहेत.

आता टेस्ट प्रत्यक्षात कशी होते ते सांगते, म्हणजे टक्के कुठून येतात ते कळेल. ९६ खळग्यांची प्लेट असते, प्रत्येक खळग्याच्या तळाला जंतूची प्रथिनं चिकटवलेली. तुमचं सीरम (रक्तातल्या पेशी काढून उरलेला द्रव) दोन खळग्यांत घालायचं. प्रतिपिंडं जाऊन चिकटतात. मग एक खळगा साध्या बफरने धुवायचा आणि दुसरा युरियाच्या दाट द्रावणाने, बहुतेक पद्धतींत सहा मोलर, म्हणजे लिटरला ३६० ग्रॅम युरिया. युरिया पकड सोडवतो. सैल धरलेली प्रतिपिंडं वाहून जातात, घट्ट धरलेली राहतात. शेवटी रंग आणतात. आधी निळा येतो, आम्ल घातलं की पिवळा होतो, आणि तो यंत्रावर मोजायचा. साध्या खळग्यात १.२० आणि युरियाच्या खळग्यात ०.८५ आलं, तर ०.८५ भागिले १.२०, म्हणजे ७१ टक्के. नव्या संसर्गात हेच १.१० आणि ०.२२ असं काहीतरी येतं. तेव्हा युरियाचा खळगा जवळजवळ पांढराच दिसतो. आकडा वाचायच्या आधी डोळ्यालाच कळतं. १९८९ मध्ये फिनलंडच्या क्लाउस हेडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुबेला आणि टॉक्सोप्लाझ्मासाठी ही युक्ती वापरून दाखवली, आणि आजही मूळ कल्पना तीच आहे.

यात चूक होऊ शकते का? होते. युरिया पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, चंचुपात्र हाताला गार लागतं. मी पूर्वी ज्या लॅबमध्ये होते तिथे एकदा घाईत गार, अर्धवट विरघळलेलं द्रावण वापरलं गेलं. त्या दिवशी प्लेटवरची सगळी आयजीजी ‘घट्ट’ आली, अगदी सैल पकडीचा कंट्रोलसुद्धा, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं तो पडताळणीचा नमुना. तो कंट्रोल लावला होता म्हणून पकडलं. नाहीतर एखादीला चुकीचा दिलासा मिळाला असता. तेव्हापासून कंट्रोल बघितल्याशिवाय मी एकाही रिपोर्टवर सही केलेली नाही. शिवाय आयजीजीच फार कमी असेल तर दोन छोट्या आकड्यांचा भागाकार भरवशाचा नसतो. आणि एका किटचे ७१ टक्के दुसऱ्या किटच्या ७१ टक्क्यांशी ताडून बघायचे नसतात. प्रत्येक किटची सीमारेषा वेगळी असते.

पकड सैल आली असती तर? इथेच बहुतेकांची फसगत होते. सैल पकड नव्या संसर्गात असते हे खरं, पण काहींची पकड वर्ष उलटलं तरी सैलच राहते. कुणाच्या गाठीतली निवड मुळातच संथ चालते. कुणी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत असतं. संसर्गाच्या सुरुवातीला त्यावरचं स्पायरामायसिन हे औषध घेतलेल्यांमध्येही पकड उशिरा घट्ट झालेली दिसते. म्हणून सैल पकडीवर घाई करायची नसते. तीनेक आठवड्यांनी दुसरं रक्त घ्यायचं आणि जपून ठेवलेलं पहिलं सीरम व हे नवं सीरम एकाच प्लेटवर शेजारीशेजारी लावायचं. आयजीजी चढत असेल तर चिंतेचं कारण आहे. मग औषध कधी आणि कोणतं, १८ आठवड्यांनंतर गर्भजलाची पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) करायची का, हे तुमचे स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. ते मी बाहेरून ठरवणं बरोबर नाही.

हे एवढं सविस्तर लिहायला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी तालुक्याहून एक बाई आल्या होत्या, दहावा आठवडा, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एकच कागद, त्यावर आयजीएम पॉझिटिव्ह. त्यांना कुणीतरी गर्भ पाडायला सांगितलं होतं आणि दोन दिवसांनंतरची तारीखही ठरली होती. त्यांच्या नवऱ्याने मला विचारलं, ‘मॅडम, आता काही करता येत असेल का?’ आम्ही त्याच दिवशी ॲव्हिडिटी लावली. पकड घट्ट होती. तो कागद आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कोणतंही कारण नसताना टॉर्च पॅनेल सरसकट करू नये, आणि केलंच तर नुसत्या आयजीएमवर कुणीही निर्णय देऊ नये, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि सांगत राहीन.

आता लशींबद्दल. होय, डोसांमधल्या अंतरामागे हे एक मोठं कारण आहे. हेपॅटायटिस बीचे प्रौढांचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांना देतात, कारण मधल्या काळात गाठीतली निवड चालू राहते आणि शेवटचा डोस निवडून आलेल्या पेशींना मिळतो. फार लवकर दिला तर न निवडलेल्यांनाच चालना मिळते. कोविडच्या एमआरएनए लशीनंतर सेंट लुईसमध्ये काखेतल्या गाठीतून सुईने पेशी काढून बघितल्या, तर दुसऱ्या डोसनंतर १२ आठवडे होऊनही जर्मिनल सेंटर जोमात चालू होती. अर्थात अंतर ठरवताना पुरवठा, साथीचा जोर, मधल्या काळातला धोका असं बरंच काही बघावं लागतं. नुसत्या जीवशास्त्रावर वेळापत्रक बनत नाही.

आणि टी पेशींची मदत नसेल तर हे चक्र नीट फिरतच नाही. जुनी टायफॉइडची लस जंतूच्या नुसत्या साखरेच्या आवरणाची होती. साखरेला टी पेशी ओळखत नाहीत, म्हणून पकड फारशी सुधारत नसे आणि दोन वर्षांखालच्या बाळांत ती चालतही नसे. ती साखर प्रथिनाला जोडली की टी पेशी सामील होतात. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना दिली ती अशीच जोडलस. उलट बाजूचं उदाहरण फार दुःखद आहे. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत बाळांना श्वसनाच्या आरएसव्ही विषाणूची फॉर्मॅलिनने मारलेली लस दिली. प्रतिपिंडं तयार झाली, पण पकड सैलच राहिली. पुढे खरा संसर्ग झाला तेव्हा लस घेतलेली बाळं जास्त आजारी पडली आणि दोन दगावली. पकड न सुधारणं हे त्याचं एक मुख्य कारण होतं, हे २००९ मध्ये दाखवून दिलं गेलं. म्हणून ‘अँटीबॉडी आहेत ना, झालं मग’ असं कुणी म्हटलं की मी थांबवते.

तुमच्यापुरतं म्हणाल तर, रिपोर्टवर किटचं नाव आणि सीमारेषा छापली आहे का बघा, आणि रक्त कोणत्या तारखेला घेतलं ते सोनोग्राफीतल्या आठवड्यांशी जुळवून घ्या. ११ आठवडे हे पाळीवरून आहेत की सोनोग्राफीवरून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाळी अनियमित असेल तर दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो आणि वरचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. लॅबला फोन करून उरलेलं सीरम उणे २० अंशांवर ठेवायला सांगा. पुढे कधी शंका आलीच तर शेजारी लावायला ते लागेल.